आईच्या सेवेत कमी भरलेले एकसष्ट दिवस

प्रति,
मा. निवृत्तिवेतन अधिकारी,
मुद्रणालय विभाग

विषय : मृत आईच्या सेवेत कमी पडणारे एकसष्ट दिवस माझ्या प्रसूतिरजेतून वळते करण्याबाबत.
संदर्भ : आपले नामंजुरीचे पत्र, दि. ३ जून.

महोदय,

माझी आई मुद्रणालयाच्या बांधणी खात्यात होती. एप्रिलमध्ये ती नोकरीत असतानाच वारली. मी तेथेच मुद्रितशोधक आहे. वडील अर्धांगाने अंथरुणाला खिळले आहेत. हा अर्ज त्यांच्या कुटुंब निवृत्तिवेतनासाठी आहे.

१. माझ्या जन्मावेळी आई नव्वद दिवस गैरहजर होती. तेव्हा ती हंगामी होती, म्हणून तिला प्रसूतिरजा नव्हती. ते दिवस ‘खासगी कारण’ म्हणून वगळल्याने निवृत्तिवेतनाला लागणाऱ्या तीस वर्षांना एकसष्ट दिवस कमी पडतात, असे आपण कळवले आहे.

२. एक्क्याण्णवाव्या दिवशी मला वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे ठेवून ती कामावर आली. त्याच आठवड्यात छापील कागदांवर ओले डाग पाडल्याबद्दल तिला ताकीद मिळाल्याची नोंद सेवापुस्तकात आहे. डाग कसले, ते लिहिलेले नाही. ते दुधाचे होते.

३. माझी मावशी परदेशात आईसारखेच पुस्तकबांधणीचे काम करते. बाळंतपणाच्या लांब रजेवरून परतल्यावर तिला शिलाईवरून काढून कमी पगारावर गठ्ठे बांधायला बसवले. पण तिचे दिवस कोणी खोडले नाहीत. हे सांगितल्यावर आपले वरिष्ठ लिपिक म्हणाले, “मग पेन्शनही मावशीच्याच देशाकडे मागा.”

४. गैरहजेरीचा खुलासा कर्मचाऱ्याने समक्ष येऊन करावा, असे आपल्या पत्रात आहे. त्याच पत्रात तिच्या मृत्यूच्या दाखल्याची पोचही आहे. मी विचारायला आले, तेव्हा हेच लिपिक म्हणाले, “आईंनी जायची घाई केली हो. दोन महिने दम धरला असता, तर फाइल सरळ झाली असती.” खोलीतले सगळे हसले. चहा घेऊन आलेल्या बाई तेवढ्या हसल्या नाहीत.

५. मला आता सातवा महिना आहे. नव्या नियमाने माझी एकशे ऐंशी दिवसांची भरपगारी रजा मंजूर झाली आहे. त्यातले एकसष्ट दिवस आईच्या सेवेत जमा करावेत. मी एकशे विसाव्या दिवशी कामावर हजर होईन. असा नियम नाही, हे मला ठाऊक आहे. तो करण्याचा अधिकार आपल्याला आहे.

निर्णय प्रसूतीपूर्वी व्हावा. बाळाला माझी सवय लागल्यावर दिवस कापले, तर ते दोघांनाही जड जाईल.

आपल्या उत्तराची वाट पाहणारी, नम्र,
(सही)
मुद्रितशोधक
दि. १९ जून

सोबत : आईच्या मृत्यूचा दाखला (दुसऱ्यांदा), ताकिदीची प्रत, माझे वैद्यकीय प्रमाणपत्र.