मी न सोडलेला वर्ग

१९ नोव्हेंबर, दुपार

प्रिय वन्सं,

नमस्कार. पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरला असाल तर आधी घोटभर पाणी प्या. घरात सगळं ठीक आहे, म्हणजे मी आहे तशीच आहे. फोनच केला असता, पण बोलताना मला मध्येच दम लागतो आणि तुमचा भाऊ हातातून फोन घेऊन माझं उरलेलं वाक्य स्वतःच पूर्ण करतो. आजचं मला त्याला पूर्ण करू द्यायचं नाहीये.

पडदे शिवायचं काम बरं चाललंय. रस्त्यापलीकडच्या दातांच्या डॉक्टरांनी सगळ्या खिडक्यांना फिकट हिरवे पडदे सांगितले आणि शिवून झाल्यावर म्हणाले, निळे म्हणालो होतो. तोंड उघडं ठेवून बसणारे लोक पडदे कशाला बघतील म्हणा! तुमच्या भावाच्या कृपेनं गावभरच्या लिफ्ट चालू आहेत, आमच्या इमारतीला मात्र अजून लिफ्ट नाही. शेजारीण त्यावरून त्याची रोज चेष्टा करते.

दुसरंच काहीतरी लिहीत बसलेय मी.

तुम्हाला मी सांगितलं होतं ना, की व्यायामाच्या वर्गाचा कंटाळा आला म्हणून सोडला? ते खरं नव्हतं. फुप्फुसाचं दुखणं मागे लागल्यापासून मला दम लागण्याचीच धास्ती बसली होती. दम लागला की वाटायचं, संपलं. मग तो लागूच नये म्हणून जागचं हलायचं नाही. छातीच्या डॉक्टरांनी त्यांच्या दवाखान्यातल्या वर्गाला पाठवलं तेव्हाही मी कुरकुरतच गेले. तिथल्या बाईंना आम्ही ‘शिट्टी’ म्हणायचो, कारण शिट्टी वाजवल्यासारखा ओठांचा चंबू करून हळूहळू श्वास सोडायला त्या शिकवायच्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, “दम लागू द्या. तो लागतो आणि जातो. जातो, हे बघायलाच इथं यायचं.”

आणि वन्सं, तो खरंच जायचा. सगळे माझ्यासारखेच धापा टाकणारे, त्यामुळे लाज नव्हती. माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक निवृत्त बसकंडक्टर असायचे. कुणी रेंगाळलं की “पुढे सरका” म्हणून ओरडायचे, आणि स्वतःच सगळ्यांत मागे असायचे. घरी एकटीनं तोच व्यायाम नकोसा व्हायचा. तिथं मात्र आपली खुर्ची रिकामी दिसेल, एवढ्यासाठीसुद्धा मी जायचे.

उन्हाळ्यात वर्गावरून येताना जिन्यात पडले. गुडघा खरचटला, बाकी काही नाही. पाठोपाठ सर्दी-ताप झाला म्हणून काही दिवस घरी राहिले, तर तुमच्या भावानं सांगितलं की वर्गातून फोन आला होता. तिथं गर्दी झालीय, ज्यांना फायदा होतो त्यांनाच ठेवणार आहेत. मी विचारायलाही गेले नाही. कुठल्या तोंडानं जाणार? घरात व्यायामाला उभी राहिले की वाटायचं, जाणत्या माणसांनीच आपलं नाव कापलंय, आता कशाला हात-पाय हलवायचे. बघता बघता आंघोळ करतानाही धाप लागायला लागली. त्यानं न्हाणीघरात स्टूल आणून ठेवलं. माझे केस विंचरायला लागला. शेजारीण म्हणाली, असा नवरा मिळायला नशीब लागतं. मलाही तसंच वाटत होतं.

परवा औषधाच्या दुकानात शिट्टीबाई दिसल्या. मी तोंड फिरवलं, पण त्याच जवळ आल्या. एवढं छान चाललं होतं, का सोडलंत, म्हणाल्या. मी म्हटलं, तुम्हीच तर काढलंत. त्यांनी मला दुकानाच्या कोपऱ्यात घेतलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, “तुमच्या यजमानांनी फोन केला होता. तुम्हाला आता यायचं नाही म्हणाले. मी नंतरही फोन करून पाहिला, तेव्हाही त्यांनीच उचलला.”

औषधं तिथंच राहिली. रस्त्यावर गाड्या दिसत होत्या, पण आवाज येत नव्हता. नेहमी जिन्याच्या मधल्या वळणावर टेकते, त्या दिवशी टेकले की नाही तेही आठवत नाही.

तो टेबलावर लिफ्टदुरुस्तीची हत्यारं पुसत बसला होता. मी एवढंच विचारलं, “फोन तू केलास?”

त्यानं नाकारलं नाही. म्हणाला, मी पडले तेव्हा तो वर दारातच उभा होता. त्याचे पायच उचलेनात. लिफ्टमध्ये अडकलेल्या परक्या माणसासाठी तो जेवणावरून उठून धावतो, पण मी उठून उभी राहीपर्यंत तो चौकट धरून नुसता बघत राहिला. पुन्हा तसं बघायची त्याची तयारी नव्हती.

“मग त्यांनी काढलं असं का सांगितलंस?”

“मी सांगून तू थांबली नसतीस,” तो म्हणाला. “त्यांनी काढलं म्हटल्यावर थांबलीस.”

मला रडू आलं नाही, आणि ओरडायला दम पुरला नाही. त्याच्या हातांकडे बघत राहिले. ज्या हातानं माझा वर्ग बंद केला त्याच हातानं इतके दिवस माझी वेणी घालत होता. आणि मी किती पटकन मानलं हो, की हे शरीर कुणाच्या उपयोगाचं राहिलं नाही! खोटं त्याचं होतं, पण ते रोज स्वतःला सांगत मीच बसले होते.

काल वर्गाला गेले. पूर्वीच्या निम्मंही जमलं नाही. कंडक्टरांनी नुसती खुर्ची पुसून दिली. तुमचा भाऊ सोबत येऊ का म्हणाला, मी नको म्हटलं, तरी थोडं अंतर ठेवून मागून आलाच. परत येताना जिन्यात मला धाप लागली. मागे वळून बघितलं तर माझ्यापेक्षा त्याचाच चेहरा पांढरा पडला होता. धरायला हात पुढे केला, तर मी म्हटलं, “हात लावू नकोस. तिथंच उभा राहा आणि बघ.” वेळ लागला. पण गेला दम. तो पायरीवर मटकन बसला आणि लहान मुलासारखा रडला. मी त्याला उठवलं नाही. मला अजून त्याला हात लावावासा वाटत नाही.

वन्सं, त्यानं मायेपोटी केलं, हे मला समजावू नका, ते मला ठाऊक आहे, आणि त्याचीच जास्त भीती वाटते. त्याला रागावूही नका. फोन कराल तेव्हा माझी तब्येत त्याला विचारायची नाही, माझं मी सांगेन. त्याला एवढंच विचारा, तू कसा आहेस? माझ्या दुखण्यात हे त्याला कुणीच विचारलं नाही. मला आत्ता ते विचारता येत नाही, म्हणून तुम्हाला लिहितेय.

अजून हबकलेली,
तुमची भावजय