अफेजिया आणि बाबांचा 'हो'

मंगळवार, संध्याकाळ. पूर्णा.

दादावर संशय घ्यायचा नाही असं ठरवते, पण येतोच. अर्धांगाचा झटका आल्यापासून बाबांच्या तोंडून 'हो' एवढाच शब्द निघतो. आज दादाने माझ्यासमोर त्यांना विचारलं, "बाबा, शेत गोदामाला द्यायचं हाय ना?" बाबा म्हणाले, "हो." दादा माझ्याकडे वळला. "ऐकलंस? आता तरी पटलं?"

नाही पटलं. बाबांना बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी सकाळीच या आजाराचं नाव फोडून सांगितलं होतं. अफेजिया. शब्द ग्रीक. 'फासिस' म्हणजे बोलणं, आणि आधीचा 'अ' आपल्या 'अबोल'मधल्यासारखाच. "पण नावावर जाऊ नका," त्या म्हणाल्या. "कधी एखादा शब्द उरतो आणि तोच सगळीकडे येतो." हे दादानेही ऐकलं होतं. मग मुद्दाम असाच प्रश्न का?

मी तिथंच उलटं विचारलं, "बाबा, शेत ठेवायचं ना?"

"हो."

दादा चिडला. "तूच त्यांना गोंधळात टाकतेस." आणि निघून गेला.

मी बाबांजवळ बसले. राग होताच. विचारलं, "बाबा, दादा आपल्याला फसवतोय ना?"

बाबा माझ्याकडे बघत राहिले. ओठ घट्ट मिटलेले. पुन्हा विचारलं. 'हो' आला नाही.

म्हणजे कळतंय त्यांना. मग शेताचा कुठला 'हो' खरा, दादाला दिलेला की मला? दादाला हे सांगायलाच हवं. पण त्याआधी मी काय विचारलं, तेही सांगावं लागेल.