पाणी आसनापर्यंत आले होते

९ मार्च २०२५, रविवार

मी, नाथा दौलत भोईर, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, शिक्षण इयत्ता चौथी, राहणार मोहने, कारखान्यातून सन्मानाने निवृत्त, आज माझी मोटार विकली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी चालविण्यास मनाई केली म्हणून विकली. दुसरे कारण नाही.

कोलशेत येथे रतनशेठ यांचे जुन्या गाड्यांचे दुकान आहे. ओळख आमच्या मुलाची, चि. विनीतची. व्यवहारापूर्वी मी उभा राहून स्पष्ट सांगितले — "सहा वर्षांपूर्वीच्या पुरात ही गाडी पाण्यात होती. दुरुस्त केली आहे. परंतु होती."

मागून आमच्या मंडळी, भागीरथी, म्हणाल्या, "शीटपर्यंत आलतं पानी. त्ये पन सांगा."

"व्यवहारात मध्ये बोलू नये," मी म्हणालो. आणि मग तेही सांगितले — पाणी आसनापर्यंत आले होते.

रतनशेठ हसले. "बाबा, असा माणूस दुकानात येत नाही हो! लोक इंजिन फुटलेलं पण 'एकदम मस्त' म्हणून खपवतात." किंमत उतरवली. मी हरकत घेतली नाही. खोट्याचा पैसा घरात नको.

भागीरथीने पुढच्या काचेजवळची एकवीरा आईची तसबीर काढून पदरात घेतली. गाडी विकतात, देवी विकत नाहीत. रतनशेठ यांनी मला गाडीशेजारी उभे करून फोटो काढला. "हात जोडा बाबा." टोपी सरळ केली, हात जोडले.

हजर : मी स्वतः, रतनशेठ, विनीत.

१० मार्च

सकाळी सवयीने ओला फडका घेऊन अंगणात गेलो. भागीरथी पाहत होती. मग तुळशीचा कट्टा पुसला.

३० मार्च, गुढीपाडवा

विनीत कल्याणहून श्रीखंड घेऊन आला. रतनशेठकडून मोठी गाडी हप्त्याने घेतली आहे. टुरिस्टचा धंदा करणार. "शेठ आपला माणूस आहे, बाबा!"

त्याने मोबाईलवर माझा तो फोटो दाखविला. क्षणभर स्वतःस ओळखले नाही — चांगला दिसत होतो! खाली इंग्रजी अक्षरांत बरेच लिहिलेले. "काय लिहिले आहे?" "तुमचं कौतुक केलंय शेठने."

जेवणानंतर पुन्हा एकदा फोटो पाहावयास मागितला. मागायला नको होता.

२० जुलै, रविवार

दुपारी एक बाई आल्या. डोंबिवलीच्या, नाव योगिनी. "नाथा भोईर तुम्हीच ना?" पाणी दिले, घेतले नाही. बसल्याही नाहीत.

माझी मोटार त्यांनी घेतली आहे. गेल्या रविवारी खडवलीच्या रस्त्यावर आसनाखालून धूर आला आणि दरवाजांना आपोआप कुलूप लागले. मागे त्यांची मुलगी प्राप्ती, सहा वर्षांची. गावकऱ्यांनी दगडाने काच फोडून तिला बाहेर ओढले. हाताला टाके पडले.

"मेकॅनिकने सीटखालचा गाळ काढून माझ्या हातावर ठेवला, आजोबा. वायरी सगळ्या कुजलेल्या."

मग मोबाईल पुढे धरला. तोच फोटो. माझे हात जोडलेले. त्यांनी खालचा मजकूर वाचून दाखविला — "एकाच मालकाची गाडी. मोहन्याचे नाथाबाबा, देवमाणूस, आयुष्यात खोटं बोलले नाहीत. बाबांचा शब्द आहे — गाडीने पाणी पाहिलेलं नाही."

म्हणाल्या, "मी गाडी बघितलीच नाही. तुमचा चेहरा बघितला."

मी सांगितले, की मी सांगितले होते. त्या म्हणाल्या, "शेठ म्हणतो, तुम्हीच लपवलंत."

२१ जुलै

योगिनीबाईंबरोबर कोलशेतला गेलो. रतनशेठ यांनी खुर्ची दिली, चहा मागविला.

"बाबा, वय झालं. तुम्ही तेव्हा काही बोलला नाहीत. विनीत होता ना? त्यालाच विचारू."

सर्वांस ऐकू येईल असा फोन लावला. योगिनीबाईंनी विचारले. विनीत म्हणाला — "मॅडम, बाबांना हल्ली नीट आठवत नाही हो. कशाला त्यांना त्रास देता?"

"बघा!" रतनशेठ म्हणाले. मी चहास स्पर्श केला नाही.

बाहेर आल्यावर योगिनीबाईंचा राग गेलेला होता. माझा दंड धरून म्हणाल्या, "आजोबा, जपून. पायरी आहे." येताना त्यांनी मला लबाड समजले होते, ते सोसले असते. परत जाताना त्या मला रिक्षात बसवून रिक्षावाल्यास पत्ता समजावून सांगत होत्या — माझ्या घराचा!

२२ जुलै

आंघोळीच्या वेळी एकोणतिसाचा पाढा मोठ्याने म्हटला. अडखळलो नाही.

२ ऑगस्ट

योगिनीबाईंनी ग्राहक आयोगाकडे तक्रार केली आहे. फोनवर त्यांना मी स्वच्छ सांगितले, "मी विसराळू नाही. लेखी देतो." त्या म्हणाल्या, द्याच, पण त्या दिवशीचा दुसरा कोणी साक्षीदार असेल तर वकील म्हणतात बरे होईल. मी विनीतला बोलाविले.

त्याने दार लावून घेतले.

"तू तेथे होतास."

"होतो."

"मी पाण्याचे सांगितले होते?"

"सांगितलं होतं, बाबा."

"मग त्या बाईस सांग."

"गाडी अजून शेठच्याच नावावर आहे! तोंड उघडलं तर उद्या चावी काढून घेईल. ऐश्वर्याच्या कॉलेजचं काय करू? तुम्हाला कोण फाशी देतंय? म्हातारा माणूस विसरला — लोक एवढंच म्हणतील ना!"

मग रडला. नात ऐश्वर्या माझीही आहे. त्याच्या पाठीवर हात ठेवावा असे वाटले. ठेवला नाही. चहा घेऊन भागीरथी दाराबाहेर उभी होती, तिला म्हणालो, "आत जा. तुझे काम नाही."

९ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा

विनीत नारळीभातासाठी आला होता. पानावर बसलेला असतानाच योगिनीबाई कागद घेऊन आल्या. मुलगी बरोबर होती. माझी सही झाली.

"त्या दिवशी दुकानात आणखी कोणी होतं, आजोबा?"

"नाही," मी म्हणालो.

"मी व्हते नं," स्वयंपाकघराच्या दारातून भागीरथी म्हणाली. "मना इचारलं कोनी?"

आणि विनीतकडे बघत सगळे सांगितले. रतनशेठचे हसणे, विनीत कुठे उभा होता ते, पाणी कुठपर्यंत होते तेही. मी मध्ये बोललो नाही. विनीत पानावरून उठला, आईच्या पाया पडला नाही, निघून गेला. भात पानात तसाच. भागीरथीने पदराने डोळे पुसले, मग हात, आणि कागदावर एकेक अक्षर लावून आपले नाव लिहिले.

९ मार्चच्या नोंदीत दुरुस्ती. हजर : भागीरथी नाथा भोईर, मी स्वतः, रतनशेठ, विनीत.