कशाला नेता, ते त्याला सांगावे

मी, या घराची मालकीण, वजनकाट्यावरच्या नोकरीतून निवृत्त, वय वर्षे चौऱ्याहत्तर, आज नव्या वर्षाच्या दुसऱ्या दिवशी, सकाळचा चहा घेऊन, कोणाच्या धाकाला किंवा गोडबोलेपणाला बळी न पडता लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. हृदयाचा दाखला मात्र दिला नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, कारण धीर झाला नाही. आजही भीत भीतच लिहिते आहे. तेव्हा अक्षर वाकडे आले म्हणून पुढे कोणी वाद घालू नये.

आज लिहायला बसण्याचे निमित्त माझे जावई. ते करसल्लागार आहेत आणि दर नव्या वर्षाला आपल्या सगळ्या अशिलांना घरमालकांसाठी सूचना पाठवतात. घरपट्टी मुदतीआधी भरून सूट मिळवा, वर्षभर हात न लागलेली वस्तू घराबाहेर काढा, काढलेले दान करा आणि दानाची पावती जपून ठेवा. सासू म्हणून मला त्या फुकट मिळतात. यंदा शेवटी एक नवी ओळ होती, मृत्युपत्र केले नसेल तर करून टाका. ती सगळ्यांनाच गेली होती, असे ते शपथेवर सांगतात. असो. मी त्यांच्याच क्रमाने जाते.

पहिली घरपट्टी. हे दुमजली घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. माझ्या पश्चात ते माझ्या मुलीला मिळावे. परंतु वरच्या खोलीत माझा धाकटा भाऊ राहतो. त्याला तिथे हयातभर राहण्याचा हक्क राहील आणि तो आहे तोवर घर विकता, गहाण टाकता किंवा भाड्याने देता येणार नाही. मग घर त्याच्याच नावे का करत नाही, असे कोणी विचारील. धाकटा हुशार आहे, बिघडलेला रेडिओ बोलता करतो, पण हाती आलेला कागद सोडत नाही. एका वर्षी घरपट्टीचे बिल माझ्याआधी त्याच्या हाती पडले आणि वर गेले. मागून आलेली स्मरणपत्रेही वर गेली. शेवटी दारावर जप्तीची नोटीस लागली, ती त्याने कोपरा न फाडता अलगद सोडवली आणि वर नेली. मला शेजाऱ्यांकडून कळले. तेव्हापासून टपालवाल्याची चाहूल लागली की मी धाकट्याच्या आधी दार गाठते. बिल थेट जावयांच्या कार्यालयात जाईल अशी व्यवस्था करावी.

आता पसारा. वरच्या खोलीत वायरी, नळ, खिडक्यांच्या काचा, शिवणयंत्रांचे लोखंडी पाय, बंद घड्याळे आणि आणखी काय काय आहे ते त्यालाच ठाऊक. माझा पलंग बरोबर त्या खोलीखाली आहे. मी आयुष्यभर काट्यावर मालाच्या गाड्या तोलल्या. गाडी भरलेली आहे की रिकामी, हे मला नुसत्या आवाजावरून कळायचे. डोक्यावर किती भार आहे हे दुसऱ्या कोणाला कळले नाही तरी मला कळते, आणि तेच माझे दुर्दैव. छताला पोक आले आहे. चहात गिलाव्याची पूड पडते. सुताराने येऊन तुळई ठोकून पाहिली आणि माझ्या उशाशी खांब उभा करून दिला. पलंग हलवा, असे मुलगी रोज बजावते. मी हलवत नाही, कारण दुसऱ्या खोलीत धाकट्याची पावले ऐकू येत नाहीत. ऐकू आली तर छताकडे पाहून जिवाचे पाणी होते, नाही आली तर त्याहून जास्त.

धाकटा काहीच सोडत नाही, हा मात्र खोटा बोभाटा आहे. तो एकच विचारतो, "कशाला नेता?" खरे उत्तर दिले की तोंडाकडे नीट पाहतो आणि वस्तू हातात ठेवतो. सुताराने जुन्या कपाटासाठी बिजागऱ्या मागितल्या, तर पेटीभर मिळाल्या. दवाखान्यातल्या नर्सबाईने रोग्याच्या टेबलाला चाके हवीत म्हटल्यावर त्याने ती पुसून, तेल घालून दिली. हे मृत्युपत्र लिहायला पेनसुद्धा मी असेच मागून आणले आहे. उत्तर मिळून दिलेल्या वस्तूचे तो पुन्हा नाव काढत नाही.

जावयांना हे समजावता समजावता माझ्या नाकी नऊ आले. मागे मी इस्पितळात होते आणि धाकटा माझ्या उशाशी होता, तेव्हा नव्या वर्षाचा मुहूर्त साधून त्यांनी टेम्पो बोलावला, वरची खोली झाडून पुसून रिकामी केली आणि सगळे सामान एका संस्थेच्या दुकानाला दान केले. हेतू वाईट नव्हता, हे मी लिहून देते. धाकटा घरी आला. जावयांनी त्याच्या हाती पावती ठेवली, तेवढ्याने त्याचे समाधान होईल या समजुतीने. त्याने ती दोन्ही बाजूंनी वाचली आणि म्हणाला, "यात कशाला नेलं ते लिहिलेलं नाही." मग तो घराबाहेर पडला. शोधाशोध झाली, पोलिसांत वर्दी दिली. सापडला तेव्हा त्या दुकानाच्या अंगणात उभा होता आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारत होता. थंडीने ओठ निळे पडले होते. त्यानंतर खोली पूर्वीपेक्षा दुप्पट भरली. आज जे छत वाकले आहे ते त्या स्वच्छतेने वाकले आहे.

म्हणून अट अशी की, माझ्या बचतीतून आधी तुळई बदलावी आणि उरलेल्यातून धाकट्याचे जेवणखाण व औषधे व्हावीत. टेम्पो कधीही बोलावू नये. एकेक वस्तू, एकेक माणूस, एकेक उत्तर, अशीच खोली हलकी होईल. माझा ताणकाटा, म्हणजे आकड्याला वस्तू टांगून तोलायचा हातातला काटा, जावयांना द्यावा, त्यांनी वर काही उचलण्याआधी स्वतःचा शब्द त्यावर तोलावा. शिवणाचा डबा मुलीला. वजनकाट्यावरचे माझे साहेब, ज्यांनी माझी बढती आपल्या मेव्हण्याला दिली, त्यांना काहीही देऊ नये, ते मागायला आले तरी.

राहिले दान.

गेल्या महिन्यात समोरच्या आजी वारल्या. त्यांना बाहेर काढताना धाकटा दारात जाऊन उभा राहिला आणि उचलणाऱ्यांना विचारू लागला, "कशाला नेता?" कोणी रडले, कोणी रागावले, उत्तर कोणी दिले नाही. तेव्हा तो उंबऱ्यावर आडवा झाला. चौघांनी हातपाय धरून त्याला बाजूला केले. सुताराने त्याला कवेत घेतले म्हणून बरे, नाहीतर गाडी बोलावून त्याला वेड्यांच्या इस्पितळात धाडायचे बोलणे सुरू झाले होते. ते मी माझ्या खिडकीतून पाहिले आणि तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागला आहे. माझ्या वेळी तो याच उंबऱ्यावर आडवा होणार. त्याला धरणारे हात कोणाचे असतील, आणि धरून कुठे नेतील?

मी खूप विचार केला. जाळायला, पुरायला, हे त्याला उत्तर वाटणार नाही. खोटे सांगितले तर तो तोंडाकडे पाहून ओळखतो. म्हणून मी माझा देह वैद्यकीय महाविद्यालयाला देत आहे. मला याची भयंकर भीती वाटते, ती झाकून ठेवत नाही. गार टेबल, सुरी, अनोळखी पोरांपुढे उघडे पडणे, नुसत्या विचाराने मी रात्री उठून दिवा लावते. मुलगी नको म्हणून रडली. तरी तिने आडकाठी करू नये, ही माझी या कागदातली सगळ्यांत मोठी विनंती आहे.

न्यायला येणाऱ्यांनी मला उचलण्याआधी धाकट्यासमोर उभे राहावे. तो विचारील. त्यांनी त्याच्या डोळ्यांत पाहून सांगावे, "मुलांना डॉक्टरकी शिकायला." एवढेच. त्याला हात लावू नये, घाई करू नये. तो स्वतः बाजूला होईल, कदाचित माझे पाय पुसूनही देईल.

त्यानंतर तो माझे पुन्हा नाव काढणार नाही. सुरीपेक्षा मला त्याचीच जास्त भीती वाटते. तरी त्याला उत्तर द्यावे.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि तो बदलायची इच्छा होण्याआधी सही केली.

लिहून ठेवणार: (सही) घरमालकीण, धाकट्याची ताई

साक्षीदार १: (सही) डॉक्टर. सही करताना बाई पूर्ण शुद्धीवर होत्या. वरून पावलांचा आवाज येत होता.

साक्षीदार २: (सही) सुतार. तुळई याच आठवड्यात बदलतो.

ठिकाण: वरच्या खोलीखालची खोली
दिनांक: नव्या वर्षाचा दुसरा दिवस