गोमतीतीर क्लबचा हार माझ्या देहावर नको

मी, शर्मिष्ठा बाळकृष्ण सरनोबत, वय ४१, अविवाहित, बँकेत अधिकारी, मूळ कोल्हापूरची, सध्या राहणार महानगर कॉलनी, लखनऊ, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवते. पुढच्या आठवड्यात माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणतात, घाबरू नका. घाबरले नाही, पण मागे राहणाऱ्यांचा भरवसा नाही. वकीलसाहेब ॲड. मधुसूदन त्रिवेदी यांना मी या मृत्युपत्राचे व्यवस्थापक नेमते. ते म्हणाले, हिंदीत करा. हिंदी तर्जुमा त्यांनी जोडावा. मला किळस येते ती मराठीतच येते, म्हणून मूळ प्रत मराठीत.

१. महानगरमधला माझा फ्लॅट, आतल्या सामानासकट, क्षितिजा मिश्रा हिला द्यावा. ती माझी नातेवाईक नाही, म्हणून कारण सांगते.

मी गोमतीतीर महिला फुटबॉल क्लबची डिफेन्सिव्ह मिडफिल्डर होते. बचावफळीच्या पुढे उभं राहायचं, येणारा हल्ला तिथंच मोडायचा आणि चेंडू दुसरीच्या पायात द्यायचा, हे माझं काम. गोल करणाऱ्यांचे फोटो छापून यायचे, मला टाके पडायचे. तक्रार नव्हती. ते काम मला मनापासून आवडायचं.

२०१७ साली एका स्पर्धेसाठी आम्ही बाहेरगावी होतो. क्षितिजा तेव्हा सतरा वर्षांची गोलकीपर. दुपारची जेवणं झाल्यावर संघाचे व्यवस्थापक हेमचंद्र रस्तोगी यांनी तिला ‘फिटनेसबद्दल बोलायचंय’ म्हणून आपल्या खोलीत बोलावलं. तिच्याआधी दोघी अशाच गेल्या होत्या आणि परत आल्यावर उशीत तोंड घालून रडल्या होत्या. मी क्षितिजाबरोबर आत गेले आणि दोघांच्या मधे खुर्ची ओढून बसले.

“आपको किसने बुलाया?” त्यांनी विचारलं.

“किसी ने नहीं, सर. जहाँ ख़तरा दिखता है, वहाँ मैं ख़ुद पहुँच जाती हूँ. मेरी पोज़ीशन ही वही है.”

लखनऊला परतल्यावर मी लेखी तक्रार दिली. क्लबने चौकशी बसवली. त्या दोघींना आईवडिलांनी गप्प बसवलं. खरं बोलली ती एकटी क्षितिजा. निकाल लागला की तक्रार द्वेषातून केलेली आहे. समोसे खात बसलेल्या पाच माणसांनी माझी कारकीर्द संपवली. क्लबने काढलं, दुसऱ्या कोणी घेतलं नाही. क्षितिजानेही खेळ सोडला. आज ती तेलीबागेत फिजिओथेरपीचा छोटा दवाखाना चालवते आणि भाड्याच्या खोलीत राहते. मला बरं नसलं की डबा घेऊन येते. हे घर तिचं.

२. कोल्हापूरच्या घरातला माझा वाटा धाकटा भाऊ सत्यजित याला द्यावा. चौकशीच्या दिवसांत त्याने फोन केला होता. “तायडे, तू तिथं खेळाय गेलीयास का पंचायती कराय? आमची हितं मान खाली!” माझी बाजू त्याने विचारली नाही. वाटा घ्यावा आणि मान वर करावी.

३. पदकं भंगारवाल्याला विकावीत. सत्काराच्या शाली पेटीभर आहेत. त्या आलमबागच्या बस अड्ड्यावर थंडीत निजणाऱ्यांना द्याव्यात. निदान कोणाची तरी पाठ झाकली जाईल.

४. सुहासिनी देशकर हिला काहीही देऊ नये. ती आमची कर्णधार. नागपूरची. संघात आम्ही दोघीच मराठी, एका खोलीत राहायचो. त्या दोन मुली रडल्या त्या आमच्याच खोलीत, तिच्यासमोर. चौकशीत मात्र तिने सांगितलं, “शर्मिष्ठा पहिल्यापासून संशयी आहे.” आज ती त्याच क्लबची प्रशिक्षक आहे आणि रस्तोगी अध्यक्ष.

गेल्या महिन्यात ती पेढे घेऊन घरी आली. “क्लब तुला जीवनगौरव देतोय. सरांच्या हस्ते. तुझ्या ऑपरेशनचं सगळं क्लबच बघेल.”

“एकाएकी?”

ती बांगड्या फिरवत बसली. “एका नवीन मुलीने सरांविरुद्ध पोलिसात तक्रार केलीय. तू सरांच्या शेजारी उभी दिसलीस ना, तर लोक समजतील की तेव्हाचंही काही खरं नव्हतं. एक फोटो, यार. बस.”

“सुहास, तुलाही मुलगी आहे.”

“तिला मी फुटबॉल खेळू देत नाही,” ती म्हणाली.

म्हणजे हिला तेव्हापासून सगळं ठाऊक होतं. दुसऱ्यांच्या मुलींना मैदानात आणायचं आणि आपली घरात ठेवायची. पेढे तिच्या हातात दिले आणि दार उघडलं. दुसऱ्या दिवशी क्षितिजाला घेऊन पोलीस ठाण्यात गेले. आम्ही दोघींनी जबाब दिले.

५. बँकेतली सगळी शिल्लक त्या नवीन मुलीच्या खटल्यासाठी वापरावी. तिचं नाव इथे लिहीत नाही. वकीलसाहेबांना ठाऊक आहे. मी वाचले तर साक्षीला स्वतः उभी राहीन आणि हा कागद कपाटात पडून राहील.

६. मला भैंसाकुंडला विद्युतदाहिनीत द्यावं. अग्नी क्षितिजाने द्यावा. क्लबचा झेंडा, हार किंवा अध्यक्ष जवळ येऊ देऊ नये. माझ्यासाठी मैदानावर दोन मिनिटं शांतता पाळू नये. त्या लोकांनी आठ वर्षं पाळली, तेवढी पुरे.

वरील मजकूर मी वाचला, तो माझाच आहे. साक्षीदारांसमोर सही केली आणि त्यांनी माझ्यासमोर सह्या केल्या.

सही: शर्मिष्ठा बाळकृष्ण सरनोबत

साक्षीदार:
श्रीरंग पटवर्धन, निवृत्त शास्त्रज्ञ, शेजारी
लीलावती सक्सेना, बँकेतील सहकारी

स्थळ: लखनऊ
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५