फार छान झालं

४ मार्च, रविवार

आज ठकीचा व्हिडिओ कॉल झाला. बराच वेळ बोलली पोर. काय बोलली ते मात्र मला विचारू नये!

इथे लिहायला काय हरकत आहे? मला ऐकू येत नाही. डावा कान तर नावालाच उरलाय. कुणी समोर बसून सावकाश बोललं तर कळतं. पण फोनमधून आवाज येतो तो डब्यात खडे हलवल्यासारखा – शब्द म्हणून सुटा होत नाही. मग मी ठकीचं तोंड बघत बसते. ती हसली की हसायचं. तिच्या कपाळाला आठ्या पडल्या की 'अगंबाई!' आणि अगदीच अडलं की 'जेवणाचं काय करतेस?' – म्हणजे बोलण्याची दोरी पुन्हा आपल्या हातात. लेक परदेशात, भेट होते ती या एवढ्याशा काचेवर. वर्षभर असंच निभावून नेतेय.

आज ती खिडकीकडे पाठ करून बसली होती. चेहरा नुसता काळा. काही म्हणता काही वाचता येईना. एका लयीत, खालच्या आवाजात बोलत राहिली – थांबेचना. शेवटी थांबली तेव्हा काहीतरी म्हणणं भाग होतं. मागे नव्या नोकरीचं चाललं होतं, तेच असणार म्हणून ठोकून दिलं – 'वा! फार छान झालं गं! मला वाटतच होतं.' वर हसलेसुद्धा. ती खुर्चीत जरा मागे सरकली. मग हात हलवून गेली.

उभी नोकरी टेलिफोन ऑफिसात झाली. खरखरीतून नंबर बिनचूक उचलायचे मी. साहेब म्हणायचे, 'बाईंचे कान म्हणजे कान!' आता कुठल्या तोंडाने सांगू?

११ मार्च, रविवार

केस विंचरून, बरे कपडे घालून फोनसमोर बसले. आला नाही.

१२ मार्च, सोमवार

मेसेज केला – 'बरी आहेस ना?' उत्तर – 'हो. कामात आहे.' संपलं! एरवी चार हसरी तोंडं चिकटवल्याशिवाय पाठवत नाही. आज एकही नाही.

१५ मार्च, गुरुवार

वहिनी आली होती. भावाची बायको, पलीकडच्याच गल्लीत राहते. तिचं बोलणं मला ऐकू येतं – तिचा आवाजच तसा, भिंतींनाही ऐकू जावा असा. आली ती थेट स्वयंपाकघरात. ओट्याला टेकली, डोळे पुसले.

'वन्सं, ठकीचं ऐकून जीव तुटला हो. चौथा लागला होता म्हणे.'

'चौथा काय?'

'महिना! बाळ गेलं ना तिचं. जावयांनी ह्यांना कळवलं. म्हणाले, आईंना तिने स्वतःच सांगितलंय – त्या रविवारी.'

दूध तापत होतं. ते वर आलं, कडेने उतरलं, बर्नर विझला – मी बघतच राहिले. वहिनीनेच गॅस बंद केला.

'हो हो, म्हणाली होती मला,' मी म्हटलं. तिच्याशीही खोटंच!

ती गेल्यावर ओटा पुसत बसले. माझ्या ठकीचं मूल गेलं. तिला दिवस गेलेत हेसुद्धा मला माहीत नव्हतं. की तेही सांगितलं होतं कुठल्यातरी रविवारी – आणि मी विचारलं, जेवणाचं काय करतेस?

आणि त्या रविवारी मी काय म्हणाले! ते शब्द पुन्हा लिहवत नाहीत.

१६ मार्च, शुक्रवार

तोंडात घास फिरतोय नुसता. हसले मी. दात दाखवून हसले!

१७ मार्च, शनिवार

खरं सांगायचं तर कान गेलेत हे कबूल करावं लागणार. ठकीने पूर्वीच बजावलंय, 'तुझं काही कमीजास्त झालं तर तिथे एकटी ठेवणार नाही हं, आई.' म्हणजे हे घर बंद. माझी खुर्ची, माझा जिना, वहिनीची ये-जा – सगळ्याला कुलूप. आणि तिथे जाऊन करायचं काय? कोपऱ्यात बसून सगळ्यांच्या तोंडाकडे बघायचं!

आज सकाळभर मी चक्क तोलत बसले होते. बहिरी ठरण्यापेक्षा दगडाच्या काळजाची ठरलेलं परवडेल का? पोटच्या पोरीच्या बाबतीत हा हिशेब! वही मिटून ठेवावीशी वाटतेय. माझ्यापासूनच.

२० मार्च, मंगळवार

कान तपासायला गेले. एकटीच. वहिनीला म्हटलं, भाजी आणायला चालले.

काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवला. क्षणभर बरं वाटलं – जुनी ड्युटीच जशी! हातात एक बटण दिलं. 'आवाज आला की दाबायचं, मावशी.' आवाज काही येईना. बसून बसून जीव घाबरा झाला. मग अंदाजानेच दाबायला लागले. एकदा दाबायचं, जरा थांबायचं, मान डोलवायची, पुन्हा दाबायचं.

काचेपलीकडून तो तपासणारा उठून आत आला. हेडफोन काढला. माझ्यासमोर उकिडवा बसला आणि एकेक शब्द सुटा करत म्हणाला, 'मावशी, मशीन मी अजून सुरूच केलेलं नाही.'

त्याच्या तोंडावर चेष्टा नव्हती. हसला असता तर बरं झालं असतं. बटण त्याच्या हातात परत दिलं. यंत्रालासुद्धा फसवायला निघाले होते मी!

२१ मार्च, बुधवार

लिहून पाठवलं. किती वेळा खोडलं, मोजदाद नाही. शेवटी हे गेलं –

'ठकी, मला फोनवर काही ऐकू येत नाही. वर्ष झालं. तुझ्यापासून लपवलं, कारण तू मला इथून हलवशील ही भीती. त्या रविवारी तू काय सांगितलंस ते मला कळलंच नव्हतं. कळल्याचं नाटक केलं. मामीकडून समजलं. मला न्यायचं तर ने, कुठेही ने. पण तुझी आई त्यावर मनापासून हसली, असं धरून बसू नकोस.'

दोन्ही खुणा निळ्या झाल्या. तिने वाचलं. उत्तर नाही.

२३ मार्च, शुक्रवार

उत्तर नाही. फोन उशाशी, ओट्यावर, न्हाणीघराच्या खिडकीत. कुठेही ठेवला तरी मुकाच.

२५ मार्च, रविवार

आलं. जसंच्या तसं उतरवते –

'आई, तुला ऐकू येत नाही हे मला कधीपासून ठाऊक आहे. म्हणून तर तुला सांगितलं. दुसऱ्या कुणापुढे शब्दच फुटत नव्हता. मला आईला सांगायचं होतं, आणि आईला ते कळूही द्यायचं नव्हतं. तुझ्या न ऐकण्याचा मी असा फायदा घेतला. तेव्हापासून तुला तोंड दाखवायची लाज वाटतेय मला.'

आणि खाली, वेगळ्या ओळीत – 'आता लिहून सांगू?'

मी लिहिलं – 'सांग.'