शिडीचा कोपरा

ता. ११, मंगळवार

वहिनी,

"आमची टीम जिंकली" असं लिहायला तुझा हात धजला तरी कसा? आमची म्हणे. इतके हंगाम माझ्या शेजारी बसून घसा फाडलास तो कोणाच्या टीमसाठी? बायकांचा बास्केटबॉल बघायला कोण जातं म्हणून लोक हसायचे, तेव्हापासून आपण जातोय. आणि लग्न करून तिकडे गेलीस त्याला वर्ष पुरं नाही, तर तिथली टीम तुझी झाली? वर हसरं तोंड पाठवलंस. तुझा मेसेज वाचला तेव्हा मी ओल्या चादरींची गाडी ढकलत होते. गाडी जाऊन भिंतीवर आपटली. मुकादमीण ओरडली ती तुझ्या खात्यावर.

आधी रीत पुरी करते. मी बरी आहे. गुडघे सोडले तर आई बरी आहे. तू आणि तुझे ते बरे असाल. झालं.

फोन का नाही केला म्हणशील. फोनवर मी तापायला लागले की तू "बरं, ठेवते" म्हणतेस. पत्र मध्येच ठेवता येत नाही. अक्षराला हसू नकोस, शाळेने मला सोडलं की मी शाळेला, हे आईलाही धड सांगता येत नाही.

तर सामना. उपांत्य फेरीचा शेवटचा सामना, एका पॉइंटने गेला. आणि तू काय लिहितेस? "तुमच्या चिमणीने जागा सोडली म्हणून तुम्ही हरलात." तुम्ही. तू टीव्हीवर बघितलंस, मी तिथे होते. टीव्हीवर बॉल दिसतो. बॉल नसतो तिथे काय चाललंय ते खुर्चीवरूनच दिसतं.

धुलाईखान्यात तर दोन दिवस कोणाचं कामात लक्ष नाही. हॉस्पिटलच्या चादरी कमी आल्या म्हणून वरच्या वॉर्डातून फोन आला, तरी आमचं चालूच. बॉयलरवाले काका, ज्यांनी जन्मात एक सामना शेवटपर्यंत बघितला नाही, ते सगळ्यात मोठे जाणकार.

"फाउल करायचा सरळ," काका म्हणाले. "आडवी पाडायची तिला."

"आपण एका पॉइंटने पुढे असताना? म्हणजे दोन फ्री थ्रो ताटात वाढून द्यायचे?"

"मग टाइमआउट घ्यायचा."

"बॉल त्यांच्या हातात, टाइमआउट आपण कसा घेणार? काका, तुम्ही वाफ बघा."

तेवढ्यात लवंगी बोलली. लवंगी म्हणजे तुझ्या जागी घडीच्या टेबलाला आलेली पोरगी. बोटभर आहे, पण पेटली की फटफट फुटते, म्हणून लवंगी. ती म्हणाली, "चुकलं चिमणीचंच. शिडीला मोकळी सोडून आत कशाला गेली? आणि ती शिडी गद्दार. आपल्याकडे शिकली, आपल्याकडे मोठी झाली आणि त्यांच्याकडून खेळून आपल्यालाच बुडवून गेली."

मी म्हटलं, "गद्दार कशाला? तिला तिकडे बोलावलं, ती गेली. इथे बसून काय आपली तोंडं बघायची होती तिने?"

तर लवंगी काय म्हणाली असेल? "तू बोलू नकोस मावशी. तू कशाला उठलीस मग? खालच्या रांगेतून बघितलं मी."

काका खरंच वाफ बघायला गेले, म्हणजे बघ.

हे तुला लिहायचं नव्हतं. आता लिहिलंच आहे तर पुढे ऐक.

शेवटचे काही सेकंद उरले होते. बॉल घेऊन त्यांची ती दांडगी आत घुसली. आपली मधली पोर एकटी पडली, म्हणून चिमणी कोपरा सोडून तिच्या मदतीला जरा आत सरकली. ही काय चूक? मी असते तर मीही गेले असते. तूही गेली असतीस, तू तर सगळ्यांच्या आधी. मधलीला एकटीला मरू द्यायचं का? चिमणीला नावं ठेवणाऱ्यांनी एकदा कोणाच्या मदतीला जाऊन बघावं, मागे आपलं काय जातं ते कळेल.

मला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. डाव्या कोपऱ्यात शिडी उभी आहे हे आपल्या एकाही पोरीला आठवलं नाही. अगं, तो तिचाच कोपरा. आपल्याकडे होती तेव्हा ती तिथेच उभी राहायची, बॉल येवो न येवो, हात तयार ठेवून. आपल्याच पोरी तिला तिथे बॉल द्यायच्या. गेल्या हंगामापर्यंत द्यायच्या. एक हंगाम ती दुसऱ्या रंगाच्या कपड्यात गेली, तर कोपऱ्यात कोण उभी राहते हेच विसरल्या? आपला कोच, एवढा मास्तर म्हणवतो, त्यालाही बाकावरून ओरडायला सुचलं नाही. मला वरच्या रांगेतून दिसत होती. बॉल आत होता तेव्हा मी तिच्याकडेच बघत होते.

मग बॉल तिच्याकडे आला. तिने तो कपाळाशी नेला. आणि मी उठून उभी राहिले आणि "झाला" म्हणाले. म्हणाले कसली, ओरडले.

मला कळायच्या आत ओरडले, वहिनी. दादाची सवय ना ती. शिडीने बॉल कपाळाशी नेला की हा उठलाच, बॉल हवेत असतानाच "झाला" म्हणायचा. बास्केटात पडला नाही तर खाली वाकून बुटाची नाडी बांधायचा, जणू त्यासाठीच उठला होता. पायात चप्पल असली तरी. मग त्याच्याबरोबर तूही उठायला लागलीस आणि तुमच्या नादाने मीही. आपल्या रांगेला ते इतकं अंगवळणी पडलं होतं की मागचे लोक आपण उठलो की पॉपकॉर्न सांभाळायचे. दादा गेल्यावर पहिल्या सामन्याला मी बसून राहिले होते. शिडीने बॉल उचलला, तू उठलीस आणि माझा दंड धरून मला उठवलंस. "झाला" तूच म्हणालीस. तुझा आवाज त्याच्यासारखा नव्हता, पण वेळ बरोबर त्याची होती.

तर परवा मी एकटी उठले. बॉल पडला. भोंगा वाजला. आणि अख्ख्या स्टेडियमात आपल्या बाजूला उभी असलेली बाई एकच, मी, हात वर केलेली. तिकडे त्या पोरी एकमेकींच्या अंगावर उड्या मारतायत आणि इकडे सगळी रांग माझ्याकडे बघतेय. दादाच्या खुर्चीवर आता एक आजोबा बसतात, मफलरवाले. त्यांनी मान वर करून विचारलं, "बाई, तुम्ही नक्की कोणाकडून?"

मी तुझ्याकडे वळले. म्हणजे तुझ्या खुर्चीकडे. तिथे माझी पिशवी बसली होती.

मी घरी चालत आले. आई म्हणाली, हरले ना, तुझ्या तोंडावरून कळलं. मी म्हटलं, हो, हरले. तिला एवढंच पुरलं.

लवंगी वाईट नाही. पण तिच्याबरोबर चादर घडी करायची म्हणजे जिकीर आहे. मी ओढते तेव्हा ती सोडते, ती ओढते तेव्हा मी अजून कोपरे जुळवत असते. "मावशी, इकडे, मावशी, तिकडे." तुझ्याबरोबर मला वर बघावंसुद्धा लागत नव्हतं. गप्पा चालायच्या आणि चादरीचा गठ्ठा आपोआप वाढायचा. परवाच्या सामन्यावर तुझ्याशी भांडता आलं असतं तर वरच्या वॉर्डाच्या चादरी कमी पडल्या नसत्या, हे मुकादमिणीला कोणी सांगायचं? भांडायलाही माणूस बरोबरीचा लागतो. काका काय, वाफेशीही भांडतील.

आता एक विचारते आणि खरं सांग. शिडीने त्या कोपऱ्यातून बॉल उचलला तेव्हा तू टीव्हीसमोर बसलेली होतीस. तू उठलीस का? शेजारी तुझे ते असतील. उठली असशील तर "झाला" म्हणालीस का, आणि बॉल पडायच्या आधी की नंतर? नंतर तर कोणीही म्हणतं. नसशील उठली तर तसं लिही. मला काही होत नाही.

तुझ्या त्यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. लग्न कर म्हणून मीच तुझ्या मागे लागले होते, तो शब्द मागे घेत नाही. बस चालवतो, शांत आहे, तुला वर मान करून बोलू देतो, आणखी काय हवं? चहा तेवढा गरम पाण्यासारखा करतो. ते तू शिकवशील.

आता खुर्चीचं. हंगाम संपला की स्टेडियमच्या ऑफिसात सांगायचं असतं, पुढच्या हंगामाला आपल्या खुर्च्या ठेवायच्या की सोडायच्या, ते तुला माहीत आहे. तुझी लवंगीला हवी आहे. "नुसती पिशवी बसवतेस मावशी, मला दे," म्हणते. बरोबर आहे तिचं. पिशवी टाळ्या वाजवत नाही. तू नको म्हटलंस तर तिला देईन आणि तिला उठायची वेळही शिकवीन, पण तुझ्या तोंडून नको ऐकल्याशिवाय देणार नाही.

सगळ्या सामन्यांना ये असं कुठे म्हणते मी? प्रवास आहे, तुझं नवं घर आहे, कळतं मला. तुमची टीम इथे खेळायला येईल त्या एका दिवशी ये. त्यांच्या रंगाचा टीशर्ट घालून ये. शिव्या खाशील, सगळ्यात जास्त माझ्याकडून, पण खुर्ची तुझीच असेल. शिडीला आपले लोक हुर्यो करतील तेव्हा आपल्या रांगेत दोघी तरी असू ज्या करणार नाहीत. नवऱ्याला आण हवं तर, त्याला मागे कुठे तरी बसव.

आई म्हणाली, पत्रात तिला वहिनी लिहू नकोस, तिच्या नवऱ्याच्या हातात पत्र पडलं तर त्याला काय वाटेल. मी विचारलं, मग काय लिहू? आई गुडघा चोळायला लागली. मग म्हणाली, नुसतं खुशाली लिही. खुशाली लिहायला मला कागद कशाला लागला असता?

ऑफिसात मला सोमवारी जायचं आहे. म्हणून शनिवार, २२ तारखेच्या आत तुझं उत्तर हातात पाहिजे. "बघू" लिहू नकोस, "कळवते" लिहू नकोस, हसरं तोंड तर मुळीच नको. येणार की नाही, एवढंच.

तुझी नणंद
(आई वाचून खोड म्हणेल. खोडणार नाही.)